लॉगबुकातल्या चार ओळी

हे मी अजून कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. आईपाशीसुद्धा नाही – आणि माझी आई अशी की तिला विचारल्याशिवाय मी घरात साधं पडद्याचं कापड आणलं नाही कधी. कितीदा तोंडाशी आलं. मग? मग विषय बदलायचा. त्यात मी पटाईत आहे. उत्तर येत नसलं की मुलं कशी खिडकीबाहेर बघतात, ते बघत बघत तर माझी नोकरी झाली. आपणही शिकतोच की त्यातून काहीतरी.

तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखत असतात तर मी हे लिहिलं नसतं.

मी राणे बाई. घाटकोपरला पश्चिमेकडे, टेकडीच्या पायथ्याशी आमची शाळा आहे – मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. तिथे मी बावीस वर्षं गणित शिकवते. आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, गिरणी गेली तसे आम्ही लालबागहून भांडुपला आलो. घरात शिकून नोकरीला लागलेली मी पहिली. फुशारकी मारत नाही हं – बरं, मारते. का नको मारू? ‘राणे बाईंचा वर्ग’ म्हणजे काय ते आमच्या शाळेत शिपायालाही ठाऊक आहे. टाचणी पडली तरी ऐकू येईल. फळा असा की पुसायला जीव होऊ नये – डावीकडे तारीख आणि घटक, मधे उदाहरण, उजवीकडे कच्चं काम, रेघ मारलेली. दहावीचा गणिताचा निकाल कधी खाली आला नाही. वर्गात मी शिरले की मुलं उठायच्या आधीच गप्प होतात. आणि मला त्याचा केवढा अभिमान होता, काय सांगू.

होता. आता काय आहे ते पुढे कळेल.

प्रज्ञा आमच्याकडे शिक्षण सेवक म्हणून लागली. बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगते – नवीन शिक्षकाला आधी तीन वर्षं सेवक म्हणून काढावी लागतात, मानधनावर. तीन वर्षं नीट गेली तर कायम. नाही तर नमस्कार. त्या वर्षी एकाच दिवशी दोघं रुजू झाले होते, प्रज्ञा आणि कदम सर. प्रज्ञा मानखुर्दहून यायची. बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत, आणि साडीची सवय नसल्यानं पहिला महिनाभर निऱ्या हातात धरून जिना चढायची. मीच तिला पिना कुठे लावायच्या ते दाखवलं. ‘मॅडम, तुम्ही नसतात तर माझी वाट लागली असती,’ म्हणाली होती.

मला ती आवडली होती. हे मुद्दाम लिहिते आहे. नाहीतर तुम्ही म्हणाल की पहिल्यापासूनच डूख धरून होते. नव्हते. मत्सर काय पहिल्या दिवशी होतो का? ज्याच्यात दम नाही त्याचा मत्सर कोण करेल!

तिला सहावी ‘क’ आणि सातवी ‘क’चं गणित दिलं होतं. आमच्याकडे ‘क’ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ‘अ’ तुकडी माझ्याकडे. ‘क’मध्ये पोरं कुठून कुठून यायची, मधूनच शाळेत नाव घातलेली, पाढे कच्चे, वह्या अर्ध्या. त्या वर्गावर नवीन माणसाला टाकायचं हा आमच्या शाळेचा रिवाज. जुने लोक म्हणायचे, ‘क’मध्ये तग धरला तर कुठेही धरेल. मलाही सुरुवातीला तिथेच टाकलं होतं. मी तो वर्ग पंधरा दिवसांत गप्प केला होता – छडी न लावता, नुसत्या नजरेनं.

प्रज्ञानं तो गप्प केला नाही. तिच्या वर्गातून आरडाओरडा यायचा. आणि एकच शब्द – ‘उंदीर! उंदीर!’

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं खरंच उंदीर निघाला. आमच्या इमारतीत काही अशक्य नाही. मी शिपायाला झाडू घेऊन पाठवलं. तो हसत परत आला. म्हणाला, बाई, फळ्यावर उंदीर आहे.

झालं असं होतं – ती तासाच्या सुरुवातीला सांगायची, आज माझ्या गणितात एक उंदीर शिरलाय, बघू कोण धरतं. आणि शिकवता शिकवता, अगदी सरळ चेहऱ्यानं, एका पायरीवर मुद्दाम चुकायची. कधी चिन्ह चुकवायची, कधी कंस विसरायची. मुलं अशी डोळे फाडून फळ्याकडे बघायची की विचारू नका. आणि सापडला की नुसतं ‘उंदीर!’ म्हणून भागायचं नाही. पुढे यायचं, खडू हातात घ्यायचा आणि तो उंदीर का आहे ते सगळ्यांना पटवून द्यायचं. पटलं की ती फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ मारायची – आज धरलेले उंदीर, एक.

एवढंच. यात काय मोठंसं, असं मीही म्हटलं होतं. स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हटलं होतं. दोघी-तिघी हसल्याही.

पण मला कळलं होतं. हेच तर सांगायचं आहे ना – मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बी.एड.ला आम्हाला ‘चांगल्या शिक्षकाचे गुण’ म्हणून प्रश्न असायचा, मी त्यावर दीड पान लिहायचे. विषयज्ञान, वर्गनियंत्रण, फलकलेखन, वक्तशीरपणा. पैकीच्या पैकी. आणि इथे ही पोरगी निऱ्या सावरत फळ्यापाशी उभी राहून अशी एक गोष्ट करत होती जी त्या दीड पानात कुठेच नव्हती. तिच्या वर्गातल्या मुलांना बाई चुकल्या हे बाईंच्या तोंडावर सांगायची भीती वाटत नव्हती. माझ्या वर्गात तोवर इतक्या वर्षांत एकानंही मला सांगितलं नव्हतं की बाई, चुकलं. मी काय कधी चुकलेच नसेन? चुकले असणारच. मग?

तो ‘मग’ माझ्या पोटात जाऊन बसला. तिथून तो हलला नाही.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मला पर्यवेक्षिका केलं. म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालोखाल. तुकडी बदलून मागणारे पालक माझ्याकडे यायला लागले. दरवर्षी रांग लागते – बाई, आमच्या मुलाला ‘अ’त घ्या. त्या वर्षी एक बाई आली, सावंत. आमच्याच बाजूची, सावंतवाडीकडची, घरोघरी पोळ्या करायची. तिची मुलगी माझ्या ‘अ’त होती. हुशार, अक्षर सुंदर, तोंडातून शब्द काढायची नाही. मला वाटलं वह्यांचं काहीतरी असेल. ती म्हणाली, ‘बाईनू, माझ्या चेडवाक ‘क’मध्ये घाला. ती म्हणता, थंयच्या बाई बरा शिकयतत.’

मुलीला ‘क’त घाला, तिथल्या बाई छान शिकवतात – आपल्या मालवणीत म्हणाली. आपलं माणूस समजून म्हणाली. तिला काय माहीत ‘अ’ला गणित कोण शिकवतं! मी हसले. म्हटलं, तुकडी अशी बदलता येत नाही, नियम आहे. असा काही नियम नाही.

त्या दिवशी घरी आले आणि आरशात बघून स्वतःला म्हटलं, राणे बाई, तुमचा जळफळाट होतोय. बरं वाटलं म्हटल्यावर. वाटलं, कबूल केलं, संपलं. कसलं संपतंय! उलट त्याला नाव मिळालं. आता मी तिच्याकडे बघितलं की तेच दिसायचं. मधल्या सुट्टीत मुली तिच्याभोवती घोळका करायच्या – जळायचे. ती डब्यातली चटणी पोरांना वाटायची – जळायचे. ती मला येऊन विचारायची, मॅडम, अपूर्णांकांचा भागाकार तुम्ही कसा घेता? – तेव्हा तर जास्तच. कारण ती खरंच विचारायची. वही घेऊन यायची, मी सांगेन ते लिहून घ्यायची. तिच्या मनात काही नव्हतं. तिच्या मनात काहीतरी असतं तर किती सोपं झालं असतं मला.

आता ते लॉगबुक.

पर्यवेक्षिकेला शिक्षकांचे पाठ बघावे लागतात. मागच्या बाकावर बसायचं, पस्तीस मिनिटं बघायचं, आणि लॉगबुकात शेरा लिहायचा. खाली त्या शिक्षकाची सही घ्यायची, वाचून मान्य असल्याची. सेवकाच्या बाबतीत ही वही फार महत्त्वाची. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी संस्थेचे लोक तीच उघडून बघतात.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी प्रज्ञाचा पाठ बघायला गेले. सातवी ‘क’. घटक – बेरजेचा वर्ग. हा मी इतक्यांदा शिकवलाय की झोपेतही म्हणेन: पहिल्या पदाचा वर्ग, अधिक दोन्ही पदांच्या गुणाकाराची दुप्पट, अधिक दुसऱ्या पदाचा वर्ग. मी म्हणायचे, मुलं मागून म्हणायची, पाठ होईपर्यंत. झालं.

तिनं फळ्यावर लिहिलं – तीन अधिक चार, कंसाचा वर्ग. म्हणाली, सोप्पं आहे यार. तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस. पुढे जाऊ? आणि खरंच पुढे जायला लागली.

रेश्मा म्हणून एक मुलगी होती, तिसऱ्या बाकावर. ही सहावीत असताना माझ्याकडे बदली तासाला होती तेव्हा मी तिचा आवाज ऐकला नव्हता. ती ताडकन उठली. ‘उंदीर! बाई, तीन आणि चार सात. साताचा वर्ग एकोणपन्नास!’ मग काय, वर्ग उसळला. प्रज्ञा म्हणाली, मग माझे चोवीस गेले कुठे? शोधा. आणि पोरांनी वहीच्या चौकटींवर सात बाय सातचा चौकोन काढला. त्यात तीनचा चौकोन रंगवला, चारचा रंगवला, आणि दोन आडव्या-उभ्या पट्ट्या कोऱ्या राहिल्या. बारा आणि बारा. कोण किंचाळलं माहीत नाही – ‘बाई, हे बघा, इथे बसलेत!’

सूत्र तिनं शेवटी लिहिलं. लिहायची गरजच नव्हती. मुलांनी ते आधीच सांगितलं होतं, आपल्या शब्दांत.

मी मागच्या बाकावर बसले होते. मला चौकोन माहीत नव्हता असं नाही, पुस्तकात आकृती असतेच. मी ती ‘घरी बघा’ म्हणून सोडून द्यायचे. आणि खरं सांगू? त्या दोन कोऱ्या पट्ट्या पोरांना दिसल्या तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. क्षणभर मी पर्यवेक्षिका नव्हते. असं वाटलं की उठावं आणि जाऊन तिची पाठ थोपटावी. इतका सुंदर पाठ मी अख्ख्या नोकरीत बघितला नव्हता, घेतला तर नव्हताच.

आणि मग मी पेनाचं टोपण काढलं.

काय लिहिलं ते मला शब्दान् शब्द पाठ आहे. ‘फलकलेखन: घटकाचे मूलभूत उदाहरण फलकावर चुकीचे सोडविले. चूक विद्यार्थिनीने लक्षात आणून दिली. वर्गनियंत्रण: तासभर गोंगाट.’

बघा ना – एक शब्द तरी खोटा आहे का? उदाहरण चुकीचं सोडवलं होतं, रेश्मानंच सांगितलं, गोंगाट तर होताच. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच समजावत आले की तू खोटं कुठे लिहिलंस, तू जे दिसलं तेच लिहिलंस. कोपऱ्यात ‘आज धरलेले उंदीर – एक’ लिहिलेलंही दिसत होतं, ते नाही लिहिलं, एवढंच.

थांबा. इथेही मी पळवाट काढते आहे. सवय हो! ओळी तीन नव्हत्या, चार होत्या. चौथी – ‘विषयज्ञान अपुरे, पूर्वतयारीचा अभाव जाणवला.’ ही ओळ सपशेल खोटी. ती लिहिताना मी घाईसुद्धा केली नाही. अक्षर छान आलं होतं.

सही राहिली होती. मधल्या सुट्टीत ती वह्या तपासत बसली होती. मी लॉगबुक नेलं, पान उलटून सहीच्या जागी बोट ठेवलं. ती उठून उभी राहिली. म्हणाली, ‘मॅडम, कसा झाला? काही सुधारायला हवं का?’

मी म्हटलं, ‘अगं, झकास झाला. सही कर.’

तिनं वाचलं नाही. ती का वाचेल? राणे मॅडमनी लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय? सही केली, आणि लाल पेनानं केली म्हणून सॉरी म्हणाली.

त्या वर्षी पटसंख्या खाली आली. मराठी शाळांचं काय चाललंय ते तुम्ही बघताच. दोन सेवकांपैकी एकालाच कायम करता येणार होतं. संस्थेची मंडळी मार्चअखेर आली. मुख्याध्यापक सर प्रज्ञाच्या बाजूचे होते – म्हणाले, मुलगी चांगली आहे, मुलं जीव टाकतात. मग लॉगबुक उघडलं गेलं. कदम सरांच्या पानावर सगळं ‘समाधानकारक’, मीच लिहिलेलं. मग ते पान. एका सद्गृहस्थांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. ‘राणे मॅडम, सातवीचं गणित या चुकल्या? नक्की?’

इथे मला दुसरी संधी होती. किती शब्द लागले असते? ‘सर, मुद्दाम चुकली होती, तिची पद्धत आहे.’ मोजून सहा-सात शब्द. मुख्याध्यापक सर माझ्याकडे बघत होते. त्यांना उंदीर माहीत होता, पण तो पाठ त्यांनी बघितला नव्हता, मी बघितला होता. मी म्हटलं, ‘फळ्यावर होती चूक, हो.’

पान उलटलं गेलं.

तिला पत्र मिळालं त्यात पद कमी झाल्याचं कारण होतं. लॉगबुकाचा उल्लेख नाही. सौजन्य म्हणून. त्यामुळे तिला आजही माहीत नाही. ती स्टाफरूममध्ये माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, तुम्ही आत होतात, तुम्ही नक्की माझ्यासाठी बोलला असाल. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, फिरवला. आता वाचणं सोडून द्यायचं असेल तर द्या, मी काही म्हणणार नाही.

जाताना तिनं मला एक दोनशे पानी वही दिली. ‘क’ तुकडी आता माझ्याकडे येणार होती. वहीत प्रत्येक मुलाचं एक पान. कोण कुठे अडखळतं, कशानं अडखळतं. ‘सुमित – हातचा विसरतो, घाई. घरी धाकट्या बहिणीला बघतो, गृहपाठ शाळेतच द्यावा.’ ‘अंकिता – येतं, पण विचारल्याशिवाय बोलत नाही. आधी सोपं विचारावं, मग अवघड.’ असं सगळ्यांचं. इतक्या वर्षांत माझ्याकडे मुलांचे फक्त मार्क होते.

जूनमध्ये मी सातवी ‘क’त गेले. ही तिचीच सहावीतली मुलं, खेळ ठाऊक असलेली. मी ठरवून गेले होते की मीही करून दाखवीन, त्यात काय एवढं! सांगितलं, आज गणितात उंदीर आहे बरं का. आवाजही जरा खेळकर काढला. आणि फळ्यावर ढळढळीत चूक केली. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, बरोबर दोन छेद पाच. पाचवीतलं पोर पकडेल अशी. मागे वळून बघितलं.

अडतीस मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती.

मी थांबले. म्हटलं, कुणाला काही सांगायचंय का? कुणी वर बघितलं नाही. अंकिताच्या बाकापाशी गेले. तिनं वहीत बरोबर उत्तर लिहून ते खोडलं होतं, आणि त्याच्या बाजूला माझं चुकीचं लिहिलं होतं. नीट, अक्षर काढून. मी विचारलं, हे का खोडलंस? ती म्हणाली, ‘बाई, तुम्ही फळ्यावर तसं लिहिलंय ना.’

एवढी मला भिणारी मुलं! आधी मला याचाच अभिमान होता. तुम्हाला वाटेल, इथे माझे डोळे उघडले. तसं झालं असतं तर पुढचं लिहायची वेळ आली नसती. डोळे उघडले नाहीत. मला राग आला. पोरांचा नाही. तिचा. शाळेतून गेली तरी वर्गात तीच होती.

जुलैत एका रविवारी ती माझ्या घरी आली, मुलुंडला. दोन बस बदलून. मुलुंडातल्याच एका शाळेत जागा निघाली होती, तिथे दुसऱ्या दिवशी तिचा डेमो होता, सगळ्या शिक्षकांसमोर एक पाठ घेऊन दाखवायचा. पाठाचं टाचण घेऊन आली होती. वाळली होती. मी चहा टाकला. ती म्हणाली, मॅडम, हल्ली मला झोप लागत नाही, एकच विचार येतो. मग तिनं कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘खरं खरं सांगाल? मी बरी शिकवायचे ना?’

किती साधं विचारलं होतं. तिला काय हवं होतं? ‘हो.’ एवढंच. माझ्या ‘हो’नं माझं काय जाणार होतं? लॉगबुक कपाटात बंद होतं. तिची जागा गेलीच होती. मला कशाचीही भीती नव्हती. घाबरून बोलले असंही म्हणायला मला जागा नाही.

मी म्हटलं, ‘ठीक होतीस गं. अनुभव कमी पडत होता. शिकशील.’

तिनं मान डोलावली. मग टाचण पुढे केलं. त्यात उंदीर होता. तोच पाठ, चोवीस हरवलेले. ती म्हणाली, हे डेमोला घेऊ का? आणि मी – मी, जिनं तो पाठ मागच्या बाकावरून बघितला होता, जिच्या अंगावर काटा आला होता – मी तिला म्हटलं, ‘हे खेळ आपल्याकडे चालून गेले. तिथे नको. सरळ शिकव. सूत्र, उदाहरण, सराव.’ एवढ्यावर थांबले नाही. जवळ बसवून टाचण दुरुस्त करून दिलं. माझा पाठ. तासभर तिला माझ्यासारखं शिकवायला शिकवलं. तिनं सगळं लिहून घेतलं, जसं नेहमी घ्यायची. निघताना वाकून नमस्कार केला.

चार दिवसांनी तिचा फोन आला. मी स्टाफरूममध्ये होते. म्हणाली, झालं नाही, मॅडम. तुम्ही सांगितलं तसंच घेतलं, शब्द न् शब्द, पण मुलं नुसती बघत बसली, माझंच मन लागेना. ते म्हणाले, तयारी आहे पण जीव नाही. असू दे. मावसभावानं एका कॉल सेंटरमध्ये बघितलंय, मालाडला, पुढच्या महिन्यापासून जाईन. शिकवणं काही माझं काम नाही, हे कळलं एकदाचं. तुमचे मात्र उपकार आहेत, तुम्ही तेवढ्या खरं बोललात. मी म्हटलं, काळजी घे गं. आणि फोन ठेवला.

मला हायसं वाटलं.

हेच ते. लॉगबुक नाही, संस्थेच्या लोकांसमोरचं नाही, ते सगळं एकवेळ मी कुणाला सांगितलं असतं. हे नाही सांगता आलं. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. आता ती कुठेच शिकवत नव्हती – आमच्याकडे नाही, मुलुंडला नाही, मानखुर्दला नाही. मी शिपायाला हाक मारली आणि सगळ्यांसाठी चहा मागवला, सोबत बिस्किटं. कदम सरांनी विचारलं, काय मॅडम, आज काय विशेष?

मी म्हटलं, काही नाही, सहज.